दोन नंबरचा जॉ तीन नंबरच्या घरात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मालकांना नाही — ते गेले, तरी त्यांना कळलं नाही. लेकाला नाही, सुनेला तर नाहीच नाही. औंधच्या यमाईलासुद्धा नाही. म्हणजे तिला ठाऊक असणारच, पण मी होऊन काही बोलले नाही. वर्षातून एकदा डोंगर चढून जाते, नारळ फोडते, डोळे मिटते आणि भलत्याच गोष्टी बोलून खाली येते. गुडघ्यांचं. सुनेच्या आमटीचं.

मग तुम्हालाच का सांगते? तुमचं तोंड मला दिसत नाही म्हणून. समोर तोंड दिसलं की मला खोटं सुचतं — जुनी खोड आहे.

आधी हलक्या हलक्या गोष्टी सांगून टाकते, म्हणजे जीभ सैल होईल. गेल्या महिन्यात सांगलीत माझा सत्कार झाला, त्या दिवशी नेसलेली पैठणी माझ्या जावेची होती, आणि ती मी अजून परत केलेली नाही. सुनेनं घातलेलं लोणचं माझ्या हातचं म्हणून मी दोनदा पाहुण्यांच्या पानात वाढलंय. डॉक्टरांनी गोड बंद केल्यापासून माझ्या शिवणाच्या डब्यात सुया कमी आणि चिक्की जास्त असते. बघा, किती सोपं गेलं! आता मूळ गोष्ट —

थांबा. आधी मशीन समजावून सांगते. नाहीतर तुम्ही मला माफच करून टाकाल, आणि ते मला नको आहे.

कुंडलला आमचं वर्कशॉप आहे. आता तिथं कॉम्प्युटरवर चालणारी दोन सीएनसी मशीनं आहेत, लेक बघतो. पण माझा जुना लेथ कोपऱ्यात अजून उभा आहे आणि काही नाजूक काम आलं की लेक मुकाट्यानं माझ्याकडं येतो. भागात मला लेथवाल्या आक्का म्हणतात. नाव झालंय ते एका कामासाठी — सॉफ्ट जॉ.

लेथला एक चक असतो. चक म्हणजे मशीनची मूठ समजा. त्या मुठीला तीन जबडे. आम्ही जॉ म्हणतो. ते तिन्ही बाजूंनी एकदम पुढं सरकून तुकडा घट्ट धरतात, मग चक फिरतो आणि टूल लावून तो तुकडा कातायचा. नेहमीचे जॉ पोलादी, दात असलेले. त्यात जाड लोखंड धरलं तर बिघडत नाही; पण अंगठीएवढा पातळ पितळी बुश, म्हणजे मधोमध भोक असलेली आखूड नळी, धरला की त्यावर तीन वळ उठतात, आणि जरा जास्त आवळलं तर आत गेलेला गोल बुश तिकोनी होऊन बाहेर येतो. म्हणून नाजूक मालासाठी मऊ धातूचे जॉ करायचे. आमचे जर्मनचे होते — ॲल्युमिनियमचे हो, जर्मनचं पातेलं म्हणतो ना, तसे. ते ठोकळे चकवर बोल्टनं बसवायचे आणि तिथंच, चक फिरता ठेवून, आतून बुशाच्या बरोबर मापाचे कोरायचे. मग बुश त्यात असा बसतो, जसं अंडं घरट्यात.

फक्त एक आहे. जागेवर कोरलेला जॉ त्याच जागी राहायला हवा. तिघांवर नंबर ठोकलेले असतात — एक, दोन, तीन — आणि चकच्या खाचांवरही तेच नंबर. ज्याचं त्याचं घर. घरं बदलली तर डोळ्याला काही दिसत नाही, पण बुश केसभर वाकडा फिरतो आणि त्याचं भोक मध्यावर पडत नाही.

हे आज मी झोपेतसुद्धा सांगेन. त्या खंडेनवमीला मला ह्यातलं एक अक्षर येत नव्हतं. चाळीस वर्षं होऊन गेली त्याला.

त्या पोरीकडं बघा जरा. वीस वर्षांची. माहेर औंधच्या पलीकडं, मेंढरांचं घर; सगळ्या भावकीत दहावी झालेली ती एकटी, आणि ते कुणी विसरू नये म्हणून ती दर दोन दिवसांनी आठवण करून द्यायची. लग्नाला चार महिने झालेले. वर्कशॉप घराला लागून, मध्ये एक खिडकी. भाकरी थापता थापता ती खिडकीतून लेथकडं बघायची आणि मनात म्हणायची — ह्यात एवढं काय आहे? मला आज ती भेटली तर मी तिच्या हातात आधी आरसा देईन आणि मग लाटणं.

त्या लेथवर दस्तगीरचाचा होते. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, डोक्याला पांढरी टोपी, कानामागं पेन्सिल. सासऱ्यांनी वर्कशॉप काढलं तेव्हापासूनचे. सासरे अकाली गेले, तेव्हा मालकांना धंदा ह्यांनीच शिकवला. पण मालक आडदांड गडी. त्यांच्या हातात नाजूक काम द्यायचं म्हणजे रेड्याला रांगोळी काढायला लावायचं. सॉफ्ट जॉ कोरावेत ते चाचांनीच. आम्ही एका पंपाच्या कारखान्याला पितळी बुश द्यायचो, तिथले लोक म्हणायचे, दस्तगीरचा माल तपासायचा नसतो, नुसता मोजून घ्यायचा. ह्या एका वाक्यावर चाचा जगत होते. ह्या वाक्यावर आणि चहावर — दिवसाला अकरा कप. मी मोजलेत, कारण करायचे मीच.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा. चाचांनी आदल्या दिवशीच पुढच्या मालाचे जॉ कोरून, चकवर चढवून, सगळं तयार ठेवलं होतं. दसरा झाला की सरळ काम सुरू. सकाळी आत्याबाई — माझ्या सासूबाई — म्हणाल्या, "मिशनीवरनं जरा फडकं फिरीव गं. मिस्त्रीनं समदं जागच्या जागी ठिवलंय, तवा लय हात लावू नगंस."

लय हात लावू नगंस! दहावी पास बाईला!

मी फडकं फिरवलं. मग वाटलं, हे जर्मनचे ठोकळे किती मळलेत. आज ह्यांची पूजा, आणि अंगावर तेलाचा राप? चाचा वाकड्या चावीनं बोल्ट कसे काढतात ते मी खिडकीतून शंभरदा बघितलेलं. काढले. तिन्ही. मोरीवर नेले, चिंच आणि राख लावून काथ्यानं घासले. असे लख्ख निघाले, की त्यात माझं तोंड दिसलं. मी ते तोंड बराच वेळ कौतुकानं बघितलं.

आता परत बसवायचे. जॉवरचे नंबर माझ्या चिंचेनं उजळलेले, पण चकच्या खाचांवरचे ग्रीसखाली गाडलेले. एक नंबर वरच्या खाचेत ठेवला, तो नशिबानं बरोबर पडला. मग दोन कुठं? मी विचार केला — आणि खोटं कशाला सांगू, त्या विचाराचा मला फार अभिमान वाटला — देवाला प्रदक्षिणा कशी घालतात? उजव्या फेरानं. पूजेचा दिवस आहे. म्हणून एक, दोन, तीन, प्रदक्षिणेच्या फेरानं.

आमच्या चकचे नंबर उलट्या फेरानं होते.

दोनचा जॉ तीनच्या घरात, तीनचा दोनच्या. वर तिघांना हळदकुंकू, मधोमध झेंडूचं फूल. आत्याबाई म्हणाल्या, "आगं, लय झ्याक दिसतंया की!" आणि मी लाजले. दसरा झाल्यावर चाचा आले, तेही हसले. "सूनबाई, जबड्यास्नी आंगूळ घातली जनू!" त्यांना वाटलं, जागेवरच घासलेत. मी मान हलवली. होय म्हणून हलवली की नुसतीच, ते माझ्या मानेला विचारा.

इथं थांबले तर तुम्ही म्हणाल, बाई, ही चूक झाली. ह्याला कुणी कबुलीजबाब म्हणतं का? खरं आहे. चुकीसाठी मी एवढा कागद खर्ची घातला नसता.

चाचांनी दोन दिवसांत तीनशे बुश काढले. जॉ तपासले नाहीत. स्वतःच्या हातानं बसवलेले जॉ चार दिवसांत पुन्हा तपासायचे — त्यांना ते स्वतःच्या लेकरावर संशय घेतल्यासारखं वाटलं असतं. माल टेम्पोनं गेला. शुक्रवारी सकाळी तोच टेम्पो तोच माल घेऊन परत आला. प्रत्येक बुशावर लाल रंगाचा फराटा. सगळ्याच्या सगळ्या तीनशे बुशांचं भोक एका बाजूला सरकलेलं.

मालक चाचांवर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते चाचांकडं न बघता नुसते खोकी मोजत राहिले. चाचांनी एक बुश उचलला, बोटांत फिरवला, उजेडात धरला. मालकांना म्हणाले, "जॉ हालला आसंल बापू. दोन नंबर तीनच्या घरात गेला तर आसंच व्हतंय. पर मी सोता बसिवल्यात. नमाज करून येतो, मग डायल लावून बघू."

मी खिडकीत होते. तिथनं मोरीवर धावले, तोंडावर पाणी मारलं, तर आत्याबाईंना काही वेगळीच आनंदाची शंका आली.

बोलायचं तेव्हाच होतं. चार शब्द. "चाचा, ते मी केलं." दहावीच्या मराठीच्या पेपरात मी 'माझी आई' ह्या विषयावर चार पानं लिहिली होती, पुरवणी मागून. चार शब्द जमले नाहीत.

चाचा नमाजाला गेले. मालक जेवायला बसले. मी त्यांच्या ताटात एक भाकरी वाढली, दुसरी तव्यावर टाकली, आत्याबाईंना म्हटलं, "जरा बघा हं" — आणि वर्कशॉपात शिरले. खाचांवरचं ग्रीस पुसलं. खाली नंबर होते, कुणालाही वाचता येतील असे. चार बोल्ट काढले, दोनला दोनच्या घरात नेलं, तीनला तीनच्या, बोल्ट आवळले. आणि मग — हे ऐका — पुसलेलं ग्रीस परत जागच्या जागी लिंपलं. ही अक्कल मला कुठून आली? शाळेतून नक्कीच नाही. भाकरी करपायच्या आत मी हात धुऊन चुलीपुढं बसले होते.

चाचा परत आले. डायल म्हणजे घड्याळासारखं मापाचं यंत्र. जरा वाकडेपणा असला की त्याचा काटा डुलतो. त्यांनी जॉमध्ये गोल तुकडा धरला, डायल टेकवला, चक हातानं हळूहळू फिरवला. काटा गप. पुन्हा फिरवला. काटा गप. चाचा त्या काट्याकडं असे बघत होते, जसा आजारी माणूस डॉक्टरकडं बघतो — की बाबा, काहीतरी सापडलं म्हण.

माझी काय कल्पना होती सांगू? मला वाटलं होतं, काटा गप राहिला की सगळे खूश होतील. मशीन बरं, जॉ बरे, चला, विषय संपला! इतकी कशी मूर्ख होते मी? मशीन बरं, जॉ बरे — मग बिघडलं काय?

"बापू," चाचा म्हणाले, "मिशीन सरळ हाय. म्हंजी हात गेला माझा."

"काय तरीच काय बोलताय चाचा."

चाचांनी टेबलावरचा एक कागद उचलला, हात लांब केला आणि पालथ्या पंजावर तो ठेवला. कागद थरथरायला लागला.

कोपऱ्यात टेबलफॅन चालू होता. मान हलवणारा. त्याची मान चाचांकडं वळली की कागद फडफडायचा, दुसरीकडं वळली की गप व्हायचा. दोन चांगले धडधाकट पुरुष श्वास रोखून त्या कागदाकडं बघतायत, आणि पंख्याकडं एकाचीही नजर नाही! मला खिडकीतून पंखा, कागद आणि चाचा एका ओळीत दिसत होते. आज ते आठवलं की मला हसू फुटतं. तेव्हाही फुटलं असतं, पण मालकांचे डोळे भरले होते.

मी पंखा बंद केला का? नाही. मी चहा टाकायला वळले.

तो चहा चाचांनी घेतला नाही. गावात कुणीतरी सांगितलं, चहानं हात कापतात. त्या दिवसापासून त्यांनी चहा सोडला. मेंदूला चांगले म्हणून बदाम सुरू केले, तळव्यांना एरंडेल चोळायला लागले. मिरजेच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, हाताला काही झालेलं नाही. चाचा परत येऊन म्हणाले, "त्येला लेथातलं काय कळतंय?" मी रोज त्यांच्यासमोर माझा चहा ओतून घ्यायची. ते वासाकडं तोंड करून बसायचे. डोळे मिटून. सांगा, ह्याहून मोठं पाप कुठं असेल? — आहे. पुढं आहे. येते मी तिथवर.

आता जॉ कोरणार कोण? मालकांनी प्रयत्न केला. पहिल्याच दिवशी टूल मोडलं, दुसऱ्या दिवशी धीर. तिसऱ्या दिवशी चाचा खिडकीपाशी आले. म्हणाले, "सूनबाई, तू रोज हितनं बघतीस. हात फुडं कर." माझ्या पंज्यावर कागद ठेवला. कागद दगडासारखा. "आल्ला! काय हात हाय!" चाचा म्हणाले. लाईट गेली होती त्या वेळी.

असं मी लेथवर आले. साडीवर मालकांचा जुना शर्ट, पदर कमरेला करकचून बांधलेला. आत्याबाई येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायच्या, "ही सून हाय का फिटर?" चाचा शेजारी स्टुलावर बसून शिकवायचे. स्वतः हात लावायचे नाहीत — हात मांडीखाली दाबून ठेवायचे, चुकून पुढं जाईल म्हणून. कोरायच्या आधी जॉमध्ये एक कडं धरून आवळायचं, म्हणजे त्यांची ढील निघते. कडं नाही धरलं तर कोरलेलं माप खोटं. शेवटचा काप इतका बारीक घ्यायचा, की टूल लागल्याचं कानाला कळावं, हाताला कळू नये. माझे पहिले सात सेट वाया गेले. त्यातले ठोकळे आजही आमच्या घरात दारं अडवायला आणि कॉटच्या पायाखाली आहेत. पाहुणे विचारतात तेव्हा मी लेकाचं नाव सांगते.

आठवा सेट बरोबर आला. डायलचा काटा गप. चाचांनी दोन्ही हात वर करून दुवा मागितली आणि म्हणाले, "पोरी, माझी आब्रू राखलीस."

तेव्हा तरी?

तेव्हाही नाही. एका ईदला मी ठरवून गेले होते त्यांच्या घरी. रस्ताभर चार शब्द घोकत गेले. चाचींनी शिरखुर्मा पुढं ठेवला, म्हणाल्या, "हे पाचही वक्ताला तुझं नाव घेत्यात बघ." मी दोन वाट्या खाल्ल्या. तिसरी डब्यात भरून दिली, ती घेऊन घरी आले.

चाचा मग पट्ट्या कापायच्या करवतीवर बसायला लागले. मशीनच कापतं, माणसानं नुसतं शेजारी बसायचं. आणि मी? माझं नाव व्हायला लागलं. कोरेगावहून, साताऱ्याहून लोक सेट करून न्यायला यायचे. 'बाईमाणूस आणि लेथ!' म्हणून बघायलाही यायचे. मला ते आवडायचं. इतकं आवडायचं, की पाहुणे येणार असले की मी मुद्दाम कपाळाला थोडं ग्रीस लावून घ्यायची.

अधूनमधून मी चाचांकडून सुईत दोरा ओवून घ्यायची, गोधडी शिवताना. एका फटक्यात ओवायचे. चष्म्याशिवाय. मी ते बघायची आणि सुई घ्यायची.

आता ते सांगते, ज्याच्यासाठी इतका वेळ तुम्हाला बाहेर उभं केलंय. जॉ फिरवले, ती चूक. ते गुपचूप परत बसवले, ती भीती. वीस वर्षांची सून होते, चुलीपुढची. तुम्ही म्हणाल, जाऊ दे. पण हे घडलं तेव्हा मी वीसची नव्हते, सून म्हणून घाबरायचे दिवसही संपले होते. आत्याबाई गेल्या होत्या. मालक मला विचारल्याशिवाय ऑर्डर घेत नव्हते. वर्कशॉपात माझा शब्द शेवटचा होता.

दुपारची वेळ. काम काही नव्हतं. दोन दिवस मशीन नुसतं उभं होतं. चाचा आले ते धुतलेला सदरा घालून आले. हात कोपरापर्यंत घासलेले. माझ्यासमोर उभे राहिले, सासरवाडीला आलेल्या नव्या जावयासारखे, आणि म्हणाले, "सूनबाई, येक सेट मी कोरून बघू का? टाकाऊ ठोकळं हायती की. मालावर न्हाई. नुसतं बघायचं."

मला एका क्षणात सगळं दिसलं. हे कोरणार. काटा गप राहणार. मग म्हणणार, हात तर बरा आहे — मग त्या दिवशी काय झालं? मग आठवणार, जबड्यास्नी आंगूळ. आणि ते कळलं नाही, तरी काय? चाचा परत लेथवर. आणि लेथवाल्या आक्का परत खिडकीच्या आतल्या बाजूला. माझं चुलीशी वाकडं नव्हतं, पण तिथं बघायला कोरेगावहून कुणी येत नाही.

मी म्हटलं — आवाज इतका मऊ काढला, की मलाच गोड वाटला — "नगा चाचा. काटा हालला तर तुमालाच वाईट वाटंल."

चाचांनी सदऱ्याच्या बाह्या खाली केल्या. "व्हय," म्हणाले. "ते बी खरंच." आणि करवतीकडं गेले. मालक तिथंच होते. रात्री मला म्हणाले, तू किती जपतेस गं त्यांना.

त्यांनी परत कधी विचारलं नाही. पुढं नऊ वर्षं जगले.

हे मी मेल्यावर माझ्याबरोबर जळून गेलं असतं. जाऊ द्यायचं हेच ठरलं होतं. पण गेल्या महिन्यातला तो सत्कार. सांगलीचा मोठा हॉल, शाल, नारळ, जावेची पैठणी. माइक हातात आला आणि मी सांगितलं, की माझ्या गुरूंचा हात थरथरू लागला, तेव्हा त्यांनी तो वारसा माझ्या हाती दिला. काय टाळ्या पडल्या! पहिल्या रांगेतल्या दोघी रडल्या. मीही थोडी रडले, चांगलं दिसतं म्हणून.

खाली उतरले तर समोर मुमताज. चाचांची लेक. साताऱ्याला शाळेत शिक्षिका असते, नुकतीच पन्नाशी झाली. गळ्यात पडली. म्हणाली, "आक्का, अब्बांचं नाव घेतलंत, लय बरं वाटलं." तिच्या मागं तिची मुलगी, सना. डॉक्टर झालीय, मिरजेला शिकली. मी विचारलं, आता पुढं काय गं? ती काही बोलायच्या आत मुमताज म्हणाली, "हिला डोळ्याची सर्जन व्हायचंय. मीच नको म्हणतेय. आमच्या रक्तातच आहे ना ते हाताचं. अब्बांचा पन्नाशीत गेला. उद्या कुणाच्या डोळ्यात सुरी घालताना हिचा गेला तर?"

सना म्हणाली, "अम्मी, तसा काही आजार नसतो. निदान नानांना काय झालं होतं ते तरी नीट —"

"तुझ्या नानांना बघितलंय ह्यांनी," मुमताज म्हणाली. "विचार आक्कांना."

दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. सनाचे डोळे चाचांचे आहेत, बुश उजेडात धरल्यावर व्हायचे तसे. माझ्या एका हातात नारळ, दुसऱ्यात शाल. आणि मी काय बोलले असेन? बासष्ट वर्षांची बाई, गुडघ्यांपलीकडं कशाची भीती उरलेली नाही, मालक नाहीत, सासू नाही, लेथ कुणी काढून घेणार नाही. मी म्हटलं, "काळजी घेतलेली बरी, बाळ."

 सनाला त्या शिक्षणाचा अर्ज भरायला तेव्हा थोडेच आठवडे राहिले होते; अजून काही दिवस उरलेत.

म्हणून हे लिहिलं. ह्याची पहिली प्रत उद्या सकाळच्या एसटीनं साताऱ्याला जाईल, मीच घेऊन जाणार आहे. तुमच्या हातात पडेल तोवर त्या दोघींनी वाचलेलं असेल. समोर बसून वाचून दाखवणार नाही. त्यांची तोंडं दिसली तर मला काय सुचेल, ते मला माहीत आहे. देईन आणि बाहेर ओट्यावर बसेन.

मुमताज, सना — दस्तगीरचाचांचा हात थरथरत नव्हता. त्या शुक्रवारी नाही, त्याच्या आधी नाही, त्याच्या नंतर कधीही नाही. जॉ मी फिरवले. परत मीच बसवले. आणि त्यांनी मशीन मागितलं, तेव्हा मी दिलं नाही.